आमचे कॉलेज आणि समोरचे कॉलेज

गृहस्थाचे वय पन्नाशीपलीकडे गेले म्हणजे त्याच्या बोलण्यात दोन गोष्टी हळूहळू मोठ्या होऊ लागतात. एक त्याचे गाव आणि दुसरे त्याचे कॉलेज. गावची नदी एरवी गुडघाभर पाण्याची असली, तरी त्याच्या सांगण्यात ती दुथडी भरून वाहते. आणि ज्या कॉलेजात त्याने शेवटच्या बाकावर बसून चार वर्षे काढली, ते कॉलेज सर्व विद्यांचे माहेरघर ठरते. घरातील मंडळी हे सारे ऐकून घेतात, कारण ऐकून घेतल्यावाचून पंक्ती उठत नाही.

आम्हीही या नियमास अपवाद नाही. आमच्या घरी चाळीसांहून अधिक वर्षे आमच्या कॉलेजचे पारायण चालू आहे, आणि ते इतके नेमाने की, गोष्टीतील पुढचे वाक्य आमच्या पुतण्यांच्या तोंडी आमच्याआधी येते. मात्र या पारायणातील एक अध्याय आम्ही अठ्ठावीस वर्षे वगळीत आलो होतो. तो का वगळला, आणि शेवटी तो घरच्या मंडळींसमोर मोठ्याने का वाचावा लागला, हे आज सांगावयाचे आहे.

आमच्या कॉलेजचे नाव येथे देत नाही, आणि समोरच्या कॉलेजचेही देत नाही. दिले तर पुण्याचे निम्मे वाचक येथेच आमच्या पक्षास येऊन मिळतील आणि उरलेले निम्मे अंक मिटून ठेवतील. शिवाय ज्या गोष्टीत दोष आमचा स्वतःचा आहे, तीत विद्येच्या मंदिरास गोवणे बरे नव्हे. ‘समोरचे’ म्हणजे आमच्या फाटकासमोरचे असेही कोणी समजू नये. क्रिकेटच्या मैदानावर, वादविवादाच्या व्यासपीठावर आणि नाटकाच्या स्पर्धेत जे नेहमी आमच्यासमोर उभे ठाकत असे, ते समोरचे कॉलेज.

आमचे घर एकत्र कुटुंबाचे. तीर्थरूप नाना, मातोश्री, थोरले बंधू अण्णा, वहिनी, आम्ही उभयता आणि दोघां भावांची मिळून चार मुले, असा दहा पानांचा आमचा संसार. या घरात प्रत्येक पिढीचे कॉलेज निराळे. अण्णा अभियांत्रिकी कॉलेजचे. संगमाजवळच्या पाण्यात त्यांनी होड्या वल्हविल्या, आणि वल्ही मारणे हीच काय ती खरी विद्या, बाकी सर्व पुस्तकी, असे त्यांचे आजही मत आहे. नाना १९४२ साली मॅट्रिक झाले. त्यांच्या वेळी पुण्यास विद्यापीठ नव्हते. पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते १० फेब्रुवारी १९४९ रोजी. तोपर्यंत येथील कॉलेजे १८५७ साली निघालेल्या मुंबई विद्यापीठास जोडलेली असत. नाना म्हणत, “आमची भांडणे पुण्यात होत, पण निकाल मुंबईहून येई, आणि त्यात दोन्ही पक्षांचे सारखेच गडी नापास झालेले असत!”

पुण्यातील कॉलेजांची चढाओढ हा विषय निघाला म्हणजे नाना आम्हांस फार मागे नेत. टिळक आणि आगरकर हे दोघे डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. तेथेच त्यांची मैत्री जुळली आणि सरकारी नोकरी न पत्करता शिक्षणास वाहून घ्यावे हा संकल्पही तेथेच ठरला. १८८० च्या पहिल्या दिवशी न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पुढल्या वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर काढले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. इतके सारे एकत्र केल्यावर दोघांचे मतभेद विकोपास गेले आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. आगरकर पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवर्तले. तेव्हा ‘केसरी’त त्यांचा मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. पुढे १९१६ साली न्यू पूना कॉलेज निघाले, तेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. १९३२ साली वाडिया कॉलेज निघाले. आणि ज्या डेक्कन कॉलेजात या सर्वांचे मूळ, ते १९३४ साली बंद पडून १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. हा इतिहास सांगून झाला की नाना अडकित्ता खाली ठेवीत आणि म्हणत, “म्हणजे पुण्यातली कॉलेजे ही एका घरातल्या भाऊबंदांसारखी आहेत. भांडणारच, पण परक्यासारखे भांडू नये.”

नानांचे हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकले होते. ऐकणे आणि उमजणे यांत मात्र बरेच अंतर असते.

१९७३ साली जुन्या अकरावीची एस. एस. सी. परीक्षा उतरून आम्ही कॉलेजात दाखल झालो. त्या वेळचे पुणे सायकलींचे पुणे होते. अंधार पडल्यावर दिवा नसलेली सायकल किंवा एका सायकलीवर दोन स्वार दिसले की चौकातील पोलीस शिट्टी फुंकी, आणि मागचा स्वार उडी टाकून असा काही चालू लागे की, जणू तो सायकलवाल्यास ओळखतच नाही. इराण्याच्या हॉटेलात एका बन-मस्क्यावर दोन तास बसण्याची विद्या आम्ही पहिल्या सहामाहीतच संपादन केली. वर्गात प्राध्यापक शेक्सपिअर शिकवीत, आणि बाहेर आम्ही समोरच्या कॉलेजची निंदा शिकत असू.

या निंदेस काही तर्क असेल, असे मात्र कोणी समजू नये. समोरच्या कॉलेजातील मुले अभ्यास करतात असे कोणी म्हटले, तर आम्ही त्यांस घोकंपट्टीवाले म्हणत असू. करीत नाहीत असे म्हटले, तर उनाड म्हणत असू. त्यांनी क्रिकेटचा सामना जिंकला तर पंच त्यांचा होता, आणि हरला तर आमची गोलंदाजी तिखट होती. वास्तविक त्यांच्यात आणि आमच्यात फरक कोणता होता? त्याच पेठा, त्याच शाळा, तीच उपनामे. आमचा सख्खा मावसभाऊ समोरच्या कॉलेजात होता. गणेशचतुर्थीस आम्ही दोघे एका पंक्तीस बसून मोदकांची पैज लावीत असू, आणि त्याच आठवड्यात वादविवादाच्या स्पर्धेत तो बोलावयास उभा राहिला की आम्ही मागून पाय आपटीत असू. दोन शेजारणींच्या पापडांसारखी आमची गोष्ट होती. डाळ एक, हिंग एक, ऊन एक, आणि चवीवरून वाद मात्र जन्माचा.

या सर्व चढाओढीचा कळस होई तो पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आजही पुण्यात होते, आणि ज्याने विद्यार्थिदशेत तीत एकदा तरी भाग घेतला, तो पुढे न्यायाधीश झाला काय किंवा कारकून झाला काय, भाद्रपदाचे ढग दिसले की थोडा अस्वस्थ होतोच. आमच्या वेळी रात्री दहा-दहा वाजेपर्यंत तालमी चालत. घरून डबा येई. तो दहाजणांत वाटला जाई, आणि ज्याचा डबा त्यास बहुधा लोणचे तेवढे मिळे. नेपथ्यासाठी घरातील पलंग, पाट, समई, फार काय वहिनींच्या माहेरची पैठणीसुद्धा एकदा अदृश्य झाली होती. नाटकाच्या दिवशी दोन्ही कॉलेजांची मुले नाट्यगृहात आपापल्या बाजूस बसत, आणि पडदा उघडण्यापूर्वी छप्पर उडून जाईल की काय असा घोष चाले. १९७५ च्या जूनपासून देशात आणीबाणी होती; रस्त्यावरच्या घोषणा थांबल्या होत्या. त्या साऱ्या घोषणा जणू नाट्यगृहात वस्तीस आल्या होत्या.

आता तो वगळलेला अध्याय.

१९७६ सालची स्पर्धा. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत आमच्याकडे रेल्वे-स्थानकावरील हमालाचे काम होते. वाक्ये चार. तथापि त्या चार वाक्यांसाठी आम्ही सलग चार संध्याकाळी पुणे स्टेशनच्या फलाटावर बसून हमालांकडे पाहात होतो. ट्रंक डोक्यावर कशी घेतात, पागोट्याचे चुंबळ कसे बसवितात, ओझे उतरविल्यावर माणूस कसा उभा राहतो, हे सर्व आम्ही मन लावून टिपले. आमचा प्रयोग चांगला झाला. घरी परत आल्यावर अण्णा म्हणाले, “बरा होतास. पण चारच वाक्ये?” मातोश्री म्हणाल्या, “एवढे जड उचलायला कशाला दिले रे तुला?” एवढ्यावर आमच्या अभिनयाचे परीक्षण संपले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या कॉलेजचा प्रयोग होता. त्यांचा प्रमुख नट आमच्याच वयाचा, उंच, आणि आवाज असा खालच्या सप्तकातला की, आम्ही त्यास आपसांत ‘खर्ज’ म्हणत असू. त्याची कीर्ती आमच्यापर्यंत आली होती, आणि तीच आम्हांस सहन होत नव्हती. आमच्या कंपूत ठरले की, याच्या प्रयोगात काहीतरी करावयाचे. हे ‘काहीतरी’ करण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले. इतकेच नव्हे, तर आपल्या कॉलेजचे नाव पुढे येऊ नये म्हणून आम्ही मुद्दाम समोरच्या कॉलेजच्या मुलांत, त्यांच्या रांगेत, एका कडेस जाऊन बसलो.

नाटकात मुलगा आपल्या आसन्नमरण वडिलांच्या उशाशी बसलेला असतो. वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ बंद पडले आहे. मुलगा ते हळूच सोडून घेतो, त्यास किल्ली देतो आणि कानाशी धरतो. त्या वेळी रंगभूमीवर एकही शब्द नव्हता. सारे नाट्यगृह श्वास रोखून त्या घड्याळाची टिकटिक ऐकू पाहात होते. खरे सांगावयाचे, तर आम्हीही ऐकू पाहात होतो. आणि त्याच क्षणी आम्ही दोन बोटे तोंडात घालून रेल्वेच्या गार्डासारखी एक लांब शिट्टी वाजविली. मागून कोणी तरी ओरडले, “गाडी सुटली!” नाट्यगृह हसू लागले, आणि एकदा सुटलेले ते हसू लवकर आवरले नाही. खर्ज घड्याळ कानाशी धरून तसाच उभा होता. मग तो पुढचे वाक्य बोलला. परंतु तो आवाज आता कोणा दुसऱ्याचाच होता. प्रयोग कसाबसा संपला.

त्यांची एकांकिका अंतिम फेरीत आली नाही. आमची आली. करंडक मात्र आम्हांसही मिळाला नाही. तो तिसऱ्याच कॉलेजने नेला. कंपूने आमची पाठ थोपटली, आणि इराण्याकडे आमच्या चहाचे पैसे त्या दिवशी दुसऱ्याने दिले. तो चहा आम्हांस गोड लागला नाही. पण ‘गोड लागला नाही’ असे म्हणण्याइतके धैर्य त्या वयात आमच्यापाशी नव्हते. पुढे लग्न झाले, मुलेबाळे झाली, कॉलेजच्या गोष्टी घरात सुरू झाल्या. त्यांत पैठणी आली, लोणचे आले, हमाल आला. शिट्टी कधी आली नाही.

२००४ च्या जूनमध्ये आमची कन्या बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिने पदवीच्या वर्गासाठी कोठे जावयाचे, हा प्रश्न आमच्या मते प्रश्नच नव्हता. ती मात्र एके दिवशी प्रवेशाचा अर्ज घेऊन आली, आणि पाहतो तो अर्ज समोरच्या कॉलेजचा! तेथे तिला अर्थशास्त्र घ्यावयाचे होते, आणि तेथील नाट्यमंडळात काम करावयाचे होते. आम्ही चष्मा काढून ठेवला आणि सही करण्यास साफ नकार दिला.

“पण बाबा, कारण तरी सांगा,” ती म्हणाली.

आम्ही पुष्कळ कारणे सांगितली. आमच्या कॉलेजची परंपरा, आमचे प्राध्यापक, आमचे ग्रंथालय, आमचा वड. तिने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे सगळे मला पाठ आहे. तुमच्या कॉलेजात गेले, तर मी विद्यार्थिनी नाही, तुमच्या गोष्टीतले एक पात्र होईन. मला माझे कॉलेज हवे आहे, बाबा.”

या उत्तरावर आम्ही रागावलो. तीन दिवस बाप-लेकीत बोलणे नव्हते. एकत्र कुटुंबात अबोला दोघांचा असला, तरी त्याचा भार दहाजणांवर पडतो. आमटीचे भांडे एकाकडून दुसऱ्याकडे वळसा घालून जाऊ लागले. सौभाग्यवती काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचे न बोलणे हे बहुधा आमच्या विरुद्ध मत असते. चौथ्या दिवशी रात्री नानांनी आम्हांस झोपाळ्यावर बोलावून घेतले. तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते.

“मुलीचे गुण चांगले आहेत, कॉलेज चांगले आहे,” नाना म्हणाले, “मग अडले कोठे? खरे कारण सांग. परंपरा, वड, ते सगळे राहू दे.”

आम्हांस एकदम उत्तर सुचले नाही. त्या फाटकातून आत जाण्याची आम्हांस लाज वाटत होती, हे खरे कारण होते. आणि ते आम्हांस स्वतःलाही त्या रात्रीपर्यंत धड ठाऊक नव्हते. आम्ही नानांस शिट्टीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ झोपाळ्यास पायाने रेटा देत राहिले. मग म्हणाले, “मी तुला टिळक-आगरकरांची गोष्ट इतकी वर्षे कशासाठी सांगत आलो? ज्याच्याशी भांडतोस, त्याचा मृत्युलेख एखाद्या दिवशी आपल्यालाच लिहावा लागेल, हे ध्यानात ठेवून भांडावे. उद्या सही कर, आणि तिच्याबरोबर तूच जा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पाऊस नुकताच लागला होता आणि प्रवेशाच्या खोलीबाहेर छत्र्यांची रांग उघडी वाळत पडली होती. आमचा क्रम आला. कागदपत्रे तपासण्यासाठी टेबलाशी एक प्राध्यापक बसले होते. केस पांढरे, अंगात साधा सदरा. त्यांनी कन्येचा अर्ज हाती घेतला, उपनाम वाचले, आमच्याकडे एकवार पाहिले आणि विचारले, “आपण १९७६ साली हमालाचे काम केले होते काय?”

तो आवाज ऐकताच आमच्या पायांखालची फरशी सरकली. केस पांढरे झाले होते. परंतु खर्ज तसाच होता.

काम आटोपल्यावर त्यांनी आम्हांस आग्रहाने उपाहारगृहात नेले. कन्या शुल्क भरण्याच्या रांगेत उभी होती. ते रसायनशास्त्र शिकवीत होते, आणि नाट्यमंडळाकडेही पाहात होते. चहा आल्यावर ते म्हणाले, “तुमचे ते काम मी अजून मुलांना सांगतो. तुम्ही ट्रंक खाली ठेवलीत, तरी पुढे कितीतरी वेळ तुमची मान वाकलेलीच होती. ओझे उतरले होते; पण ते मानेला कळले नव्हते. मी घरी जाऊन आरशासमोर उशी डोक्यावर घेऊन ते करून पाहिले होते. जमले नाही.”

वाचकहो, त्या चार संध्याकाळी फलाटावर बसून आम्ही जे टिपले होते, ते आमच्या घरात कोणास दिसले नव्हते. आमच्या कंपूतही कोणास दिसले नव्हते. ते एकाच मनुष्यास दिसले होते, आणि तो समोरच्या कॉलेजचा होता. तो आमच्या प्रयोगास आला तो पाहण्यासाठी. आम्ही त्याच्या प्रयोगास गेलो ते मोडण्यासाठी. ती स्तुती आम्हांस ऐकवेना. आम्ही कप खाली ठेवला आणि म्हणालो, “दुसऱ्या दिवशी तुमच्या प्रयोगात शिट्टी वाजली होती. ती आम्ही वाजविली.”

ते काही क्षण आमच्याकडे नुसते पाहात राहिले. “पण ती तर आमच्या बाजूच्या खुर्च्यांतून आली होती.”

“होय. आम्ही मुद्दाम तेथे बसलो होतो.”

“म्हणजे तू होतास तो!” इतका वेळ चाललेले ‘तुम्ही’ गळून पडले. राग आला असता, तर आम्हांस बरे वाटले असते. परंतु त्यांच्या मुद्रेवर राग नव्हता, भय होते. त्यांनी हळूहळू सांगितले ते असे. वसतिगृहात त्यांच्या खोलीत एक मित्र राहात असे. त्या नाटकातील मुलाचे काम प्रथम त्या मित्रास दिले होते; मागाहून ते यांच्याकडे आले. प्रयोगाच्या दिवशी तो मित्र प्रेक्षकांत, त्याच कडेच्या रांगेत होता. शिट्टी तिकडून आली. यांनी मनाशी निश्चय केला की, हेव्याने ती त्यानेच वाजविली. त्याने शपथ घेऊन सांगितले. यांनी मानले नाही. खोली बदलली. त्याच्या लग्नाचे आमंत्रण आले; हे गेले नाहीत. अठ्ठावीस वर्षे एका शब्दाचे बोलणे नाही. तो आता नागपुरास असतो एवढे ऐकून ठाऊक होते.

“मी नंतर कधी काम केले नाही,” ते म्हणाले, “त्याचे कारण तुझी शिट्टी की माझा भित्रेपणा, हे मला अजून ठरविता आलेले नाही, म्हणून तो दोष तुला देत नाही. नाटकात शिट्ट्या होतात. पण त्याला उगीचच शिक्षा झाली, आणि ती मी दिली.”

आम्ही त्यांच्याकडून नागपूरच्या गृहस्थांचा ठिकाणा शोधून देण्याचे वचन घेतले, आणि दोन दिवसांत तो मिळालाही. त्या रात्री पंक्तीस आम्ही तो वगळलेला अध्याय सर्वांसमोर सांगितला. पुतण्यांस पुढचे वाक्य येत नव्हते. ते प्रथमच गप्प बसून ऐकत होते. अण्णा पानाकडे पाहात राहिले. कन्येने काहीच विचारले नाही. ती उठली, आमटीचे भांडे घेऊन सरळ आमच्या पानाशी आली आणि म्हणाली, “वाढू, बाबा?” चार दिवसांनी ते भांडे वळसा न घालता आले होते.

नागपुरास पत्र लिहिताना आम्ही चार कागद फाडले. शेवटी जे घडले तेवढेच लिहिले, क्षमा मागितली आणि खाली पूर्ण नाव घातले. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले. त्यात दोनच ओळी होत्या. पत्र पोचले, असे लिहून पुढे म्हटले होते की, आपणांस शिट्टी वाजविता येत नाही, लहानपणापासून कधीच आलेली नाही, हे त्याला सांगावे. एका खोलीत तीन वर्षे राहूनही त्याने एवढे विचारले नव्हते! ते कार्ड आम्ही स्वतः जाऊन खर्जाच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि खिडकीबाहेर पाहात उभे राहिले. आम्ही निरोप न घेताच परतलो.

त्याच वर्षीच्या स्पर्धेत आमच्या कन्येस समोरच्या कॉलेजच्या एकांकिकेत लहानसे काम मिळाले. वाक्ये तीन, म्हणजे घराण्याची परंपरा एका वाक्याने घटली. आम्ही नाट्यगृहात गेलो, तो दाराशीच खर्ज उभे. त्यांनी विचारले, “आज कोठे बसणार?” आम्ही म्हणालो, “तुम्ही बसवाल तेथे.” त्यांनी आम्हांस आपल्या शेजारी, त्याच कडेच्या रांगेत बसविले आणि हळूच सांगितले की, नागपूरची स्वारी दिवाळीत येणार आहे. इतक्यात दोन्ही बाजूंनी घोष सुरू झाला. आमच्या जुन्या कॉलेजची मुले पलीकडून आमचेच जुने नाव गर्जत होती. आमचा कंठ सवयीने भरून आला, हे नाकारीत नाही. परंतु आम्ही तोंड मिटून बसलो, कारण पडदा उघडत होता आणि आम्हांस पाहावयाचे होते. कन्या एका शिवणाऱ्या बाईच्या कामात होती. सुईत दोरा ओवताना तिने डोळा बारीक केला, आणि दोरा ओवला गेल्यावरही तो क्षणभर तसाच बारीक ठेवला. हे कोठे पाहिले असेल तिने? घरी आल्यावर विचारले, तर म्हणाली, “आजीकडे.” आमच्या मातोश्री आमच्यादेखत आयुष्यभर शिवीत आल्या होत्या, आमच्या ध्यानात ते कधी आले नव्हते.

नाना २०११ साली गेले. ती वड असलेली इमारत आणि ती समोरची इमारत, दोन्ही आपापल्या जागी उभ्या आहेत, आणि दर भाद्रपदात नवी मुले एकमेकांच्या नावाने बोटे मोडीत असतात. मोडोत बापडी. चढाओढीवाचून तारुण्यास चव नाही. आमचे सांगणे एवढेच की, ज्या घरांतून वडील मंडळी आपल्या कॉलेजचे पारायण करीत असतील, त्यांनी ते अवश्य करावे. मात्र एखादा अध्याय वगळला जात असेल, तर तो आपण होऊन वाचून टाकावा. आणि मुलांनी समोरच्या कॉलेजचा अर्ज आणला, तर चष्मा काढून ठेवू नये. डोळ्यांवर नीट बसवून तो अर्ज वाचावा.